14 जीबीच्या डिबग लॉगमधून हवी ती ओळ कशी काढायची

मागच्या पावसाळ्यात रात्री अडीचला ज्युनिअरचा फोन, "दादा, लॉग उघडतच नाहीये, नोटपॅड प्लस प्लस नॉट रिस्पॉन्डिंग दाखवतंय." म्हटलं लॉगची (ॲप काय काय करतंय त्याच्या नोंदींची) फाईल केवढी आहे बघ, तर 14 जीबी. दोन दिवसांपूर्वी कुणीतरी भलत्याच बगसाठी प्रॉडक्शनवर (कस्टमर वापरतात त्या खऱ्या सर्व्हरवर) डिबग, म्हणजे लॉगमध्ये बारीकसारीक सगळं लिहायची पातळी, चालू केलेला आणि बंद करायला विसरलेला (तो कुणीतरी म्हणजे मीच, हे सकाळी कळलं). त्या रात्री जे जे केलं आणि जे आधी करायला हवं होतं ते सगळं इथे लिहितोय. उदाहरण जावा, स्प्रिंग बूट आणि लिनक्स सर्व्हरचं आहे पण पायथन नाहीतर नोडवाल्यांनाही नव्वद टक्के असंच चालेल. कमांडची नावं देवनागरीत आहेत, टर्मिनलवर अर्थात इंग्रजीतच टाइप करा.

पहिली गोष्ट, फाईलला हात लावायच्या आधी वेळ विचारा. कस्टमरला प्रॉब्लेम किती वाजता आला, शक्य तेवढं मिनिटापर्यंत. "संध्याकाळी कधीतरी" चालणार नाही, स्क्रीनशॉट मागा, त्यात वरच्या कोपऱ्यात मोबाईलचं घड्याळ दिसतं, माझं निम्मं काम त्यावर झालंय. आमच्या केसमध्ये पेमेंट अडकल्याच्या तक्रारी रात्री साडेनऊच्या होत्या आणि हा बिचारा अर्धा तास 21:30 शोधत बसलेला, काहीच सापडत नव्हतं म्हणून फोन. आता सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर), आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ तिथे 16:00. आणि तो अडीचला शोधत होता तेव्हा सर्व्हरच्या घड्याळात 21:00 झालेले, म्हणजे त्या दिवसाचे 21:30 तिथे अजून वाजलेच नव्हते! कुठल्याही सर्व्हरवर गेलं की आधी नुसतं डेट टाइप करून बघायचं, आणि ॲप वेगळ्या टाइमझोनमध्ये लिहीत असू शकतं म्हणून लॉगची शेवटची ओळपण त्याच्याशी जुळवून बघायची, दहा सेकंदाचं काम आहे. दिवसाची फाईल रोज कधी बदलते तेही यातच कळतं, यूटीसीची मध्यरात्र म्हणजे आपली पहाटेची साडेपाच, त्यामुळे "कालचा लॉग" म्हणजे नक्की कुठली फाईल यावर लोक भांडतात.

मग फाईल बघायची, पण एडिटरमध्ये नाही, लेस या कमांडमध्ये. लेस अख्खी फाईल मेमरीत घेत नाही, लागेल तेवढीच वाचतो, त्यामुळे 14 जीबी काय 40 जीबीपण लगेच उघडते. उघडताना मायनस कॅपिटल एस द्या म्हणजे लांबलचक ओळी गुंडाळून खाली येत नाहीत, एका ओळीत राहतात, उजव्या ॲरोने सरकवून बघता येतात. शेवटी जायला कॅपिटल जी. तिथे कधी कधी तो ओळींचे नंबर मोजत अडकतो, तेव्हा कंट्रोल सी दाबा, मोजणं सोडून देतो, किंवा आधीच मायनस स्मॉल एन देऊन उघडा. इथे फक्त फॉरमॅट बघायचाय: वेळ कुठे आहे, लेव्हल (एरर, इन्फो, डिबग) कुठे, थ्रेडचं (ॲपमधल्या एकेका कामाच्या धाग्याचं) नाव कुठे, क्लासचं नाव कुठे. दोन मिनिटं बघा आणि बाहेर पडा. इथेच बसून वाचत राहिलात तर सकाळ होईल, खरंच, मी केलंय.

आता तुकडा कापायचा. तक्रार 16:00 ची असेल तर मी आधीची पंधरा मिनिटं आणि नंतरची दहा घेतो, आधीची जास्त, कारण आग लागते आधी आणि धूर दिसतो नंतर. लोक इथे ऑक (ओळी कॉलमनुसार चाळणारी कमांड) वापरून "वेळ इथपासून तिथपर्यंत" अशी अट लावतात, दिसायला छान आहे पण एक लोचा आहे. स्टॅक ट्रेसच्या (एरर कोडमध्ये कुठून कुठून आली त्या यादीच्या) ओळींना पुढे वेळ नसतेच, त्या बहुतेक "ॲट" ने सुरू होतात, मग त्या अटीत बसत नाहीत आणि गुपचूप गळून जातात, म्हणजे जे बघायचं तेच गायब. सेडमध्ये (ओळी कापायची-बदलायची कमांड) सुरुवातीचा आणि शेवटचा पॅटर्न देऊन कापायचं म्हटलं तर दुसरी गंमत, शेवटचा पॅटर्न फाईलमध्ये सापडलाच नाही तर तो मुकाट फाईलच्या टोकापर्यंत सगळं ओतत बसतो.

म्हणून माझी साधी गावठी पद्धत. ग्रेपला (हवा तो शब्द असलेल्या ओळी शोधणारी कमांड) मायनस एन आणि मायनस एम 1 देऊन तारखेसकट 15:45 ची पहिली ओळ शोधायची, मायनस एन ओळीचा नंबर देतो आणि मायनस एम 1 मुळे पहिली सापडली की थांबतो. तसंच 16:10 चं. दोन नंबर मिळाले. मग सेड मायनस एन मध्ये "या नंबरपासून त्या नंबरपर्यंत पी" आणि पुढे त्या शेवटच्या नंबरवर "क्यू", म्हणजे तिथे पोचला की बाहेर, उरलेले पाच जीबी उगाच वाचत नाही. आउटपुट वेगळ्या फाईलमध्ये, फाईलच्या नावात तारीख आणि वेळ टाका. स्टॅक ट्रेस जागच्या जागी राहतात, काही गळत नाही. त्या नेमक्या मिनिटाला एकही ओळ नसेल तर आधीचं मिनिट घ्या, एवढंच.

शोधायचा शब्द साधा असेल, रेजेक्स (शोधायचा नमुना) वगैरे काही नसेल, तर ग्रेपला मायनस कॅपिटल एफ द्या आणि कमांडच्या आधी एलसी अंडरस्कोर ऑल इक्वल टू सी लावा, मोठ्या फाईलवर कधी कधी चांगलाच फरक पडतो. रिपग्रेप (ग्रेपचा वेगवान भाऊ) टाकलेलं असेल तर प्रश्नच नाही. जुन्या फाईली जीझेडमध्ये दाबलेल्या असतील तर सोडवत बसू नका, झेडग्रेप आणि झेडलेस तशाच उघडतात. आणि "बायनरी फाईल मॅचेस" असं म्हणून ग्रेप गप्प बसला तर लॉगमध्ये कुठेतरी कचरा बाइट आलेत, मायनस स्मॉल ए द्या, दाखवेल.

तुकडा 400 एमबीचा आला, साधारण 21 लाख ओळी. तो जीझिप केला, टेक्स्ट लॉग दाबला की बऱ्याचदा दहाव्या हिश्श्याच्या आसपास येतो, आणि आपल्या लॅपटॉपवर ओढला (कंपनीची परवानगी असेल तरच, त्याबद्दल खाली). पुढचं सगळं काम लॅपटॉपवर. प्रॉडक्शनवर सॉर्ट बिर्ट चालवू नका, तो टेंपमध्ये तात्पुरत्या फाईली करतो, आणि डिस्क आधीच गळ्याशी आलेली असेल तर तुम्हीच शेवटची काडी टाकाल. अगदी तिथेच करायची वेळ आली तर पुढे नाइस (कामाला कमी प्राधान्य देणारी कमांड) लावा आणि सॉर्टला मायनस कॅपिटल टी देऊन मोकळ्या डिस्कवरची जागा दाखवा. विंडोजवाल्यांनी गिट बॅश किंवा डब्ल्यूएसएल घ्या, आणि माऊसनेच बघायचं असेल तर क्लॉग नावाचं फुकट टूल आहे, मोठ्या फाईली मस्त उघडतं.

आता 21 लाख ओळीत बडबड कोण करतंय ते मोजायचं. डिबग लॉगमध्ये बहुतेक वेळा दोन-तीन लॉगरच (लॉगमध्ये लिहिणारे कोडचे भाग) ऐंशी टक्के जागा खातात. क्लासच्या नावाचा कॉलम ऑकने काढा, सॉर्ट करा, युनिक मायनस सी, परत सॉर्ट मायनस आरएन, हेड. आमच्याकडे पहिल्या नंबरवर अपाचे एचटीटीपी क्लायंटचा "वायर" लॉगर, एकट्याच्या 17 लाख ओळी! हा लॉगर नेटवर्कवरून गेलेला आणि आलेला अक्षरन् अक्षर छापतो. ग्रेप मायनस व्ही ने तो बाजूला काढला, राहिल्या चार लाख. बाजूला काढला म्हणतोय, फेकला नाही, पुढे त्याचीच गरज पडली.

नुसत्या क्लासवर भागत नसेल तर मेसेज मोजा. पण मेसेजमध्ये ऑर्डर नंबर, वेळ, आयडी असतात म्हणून प्रत्येक ओळ वेगळी दिसते, मग आधी सेडने सगळे आकडे काढून त्या जागी हॅशचं चिन्ह (#) टाकायचं आणि मग सॉर्ट, युनिक. यूयूआयडी (लांबलचक युनिक आयडी) असतील तर ते आकडे-अक्षरं मिसळलेले असतात, त्यांना आधी वेगळा पॅटर्न लावून उडवा नाहीतर मोजणी फसते. हे केलं की चार लाख ओळींच्या साठ-सत्तर प्रकारच्या ओळी होतात आणि तेवढ्या चहा घेत वाचता येतात. मजा म्हणजे शेपटाकडे बघा, जी ओळ फक्त एकदा किंवा दोनदाच आलीये ती. डोक्यावर नेहमीचे यशस्वी असतात, गुन्हेगार बऱ्याचदा शेपटात.

एररमध्ये आमच्याकडे एकच ओळ 1900 वेळा होती, हिकारी पूलची (डेटाबेसची कनेक्शन तयार ठेवून वाटणारी लायब्ररी), कनेक्शन उपलब्ध नाही, 30000 मिलिसेकंदांनी टाइमआउट. ज्युनिअर म्हणाला, "दादा सापडलं, डेटाबेस डाउन आहे." आणि इथेच माणूस घसरतो. सगळ्यात जास्त वेळा आलेली एरर हा परिणाम असतो बहुतेक वेळा, कारण तिच्या आधी असतं. 30000 म्हणजे 30 सेकंद, हिकारीचा डिफॉल्ट, त्याचा अर्थ एवढाच की कुणीतरी अर्धा मिनिट रांगेत उभं राहून कंटाळून परत गेलं. रांग का लागली ते ही ओळ सांगत नाही. पूलमध्ये डिफॉल्टला 10 कनेक्शन, मग ती दहा कुणाकडे होती? पहिली अशी एरर 15:58 ला, म्हणजे 15:57 च्या सुमारास दहाही कनेक्शन कुणीतरी धरून बसलेलं.

हे शोधायला थ्रेडचं नाव धरायचं. स्प्रिंग बूटच्या ओळीत चौकटी कंसात थ्रेड असतो, एक्झेक-1, एक्झेक-2 असा. एक रिक्वेस्ट सुरू झाल्यापासून संपेपर्यंत साधारण एकाच थ्रेडवर चालते (रिॲक्टिव्ह किंवा असिंक्रोनस कोड असेल तर हे विसरा, तिथे रिक्वेस्ट आयडीच पाहिजे). मी काय केलं, 15:58 पर्यंतच्या ओळी घेतल्या आणि ऑकमध्ये थ्रेडचं नाव की म्हणून धरून प्रत्येक थ्रेडची ओळ साठवत गेलो, नवी आली की जुनी पुसली जाते, शेवटी जे उरतं ते प्रत्येक थ्रेडची अगदी शेवटची ओळ. ते वेळेप्रमाणे सॉर्ट केलं. जो थ्रेड काम संपवून रिकामा बसलाय त्याची शेवटची ओळ "कम्प्लीटेड 200 ओके". आणि जो अडकलाय त्याची ओळ मधेच तुटलेली. बरोब्बर दहा थ्रेड निघाले, पहिला 15:51 पासून, सगळ्यांची शेवटची ओळ एकच: पेमेंट गेटवेला स्टेटस विचारतोय. त्यानंतर शांतता.

मग तो बाजूला ठेवलेला वायर लॉग काढला आणि त्यातून एक्झेक-7 च्या ओळी ग्रेप केल्या. वायर लॉगमध्ये जाणाऱ्या डेटाला उजवीकडे तोंड केलेले दोन बाण (>>) असतात, येणाऱ्याला डावीकडे तोंड केलेले (<<). उजवीकडचे बाण होते, शेवटी रिकामी ओळ, म्हणजे रिक्वेस्ट पूर्ण गेलेली. डावीकडचा एकही बाण नाही. समोरून उत्तरच आलं नव्हतं आणि आमच्या कोडमध्ये रीड टाइमआउट (उत्तराची किती वेळ वाट बघायची ती मर्यादा) कुणी लावलाच नव्हता, त्यात तो कॉल डेटाबेस ट्रान्झॅक्शनच्या आत, म्हणजे गेटवे झोपला की डेटाबेसचं कनेक्शन हातात धरून आमचा थ्रेडही झोपला. डेटाबेस ठणठणीत होता. प्रोसेस त्या वेळी अजून अडकलेला असता तर जेस्टॅक (जावाचे सगळे थ्रेड आत्ता कुठे आहेत ते दाखवणारी कमांड) मारून हे पाच मिनिटात दिसलं असतं, पण रीस्टार्ट करून टाकलेला आधीच, सगळे तेच करतात.

एक सावधगिरी. "ओळ नाही म्हणजे घडलं नाही" असं समजू नका. लॉगबॅकमध्ये (स्प्रिंग बूटची लॉग लिहिणारी लायब्ररी) असिंक अपेंडर (ओळी रांगेत टाकून मागाहून लिहिणारा) असेल तर त्याची रांग डिफॉल्टला 256 ओळींची, आणि ती 80 टक्के भरली की तो ट्रेस, डिबग आणि इन्फोच्या ओळी टाकून देतो, फक्त वॉर्न आणि एरर ठेवतो. म्हणजे गर्दीच्या वेळी, जेव्हा तुम्हाला डिबग हवा असतो, नेमका तेव्हाच तो गळतो. लिनक्सच्या जर्नलमध्येही (सिस्टिमचा स्वतःचा लॉग) असं होतं, एखादी सर्व्हिस फारच ओकायला लागली की तो काही मेसेज दाबतो, पण निदान "सप्रेस्ड" अशी नोंद तरी सोडतो. कॉन्फिग एकदा बघून घ्या.

या सगळ्यात मधेच डिस्क फुल झाली ते वेगळंच. डीएफ (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) 100 टक्के. ज्युनिअरने घाबरून परवाची आणि कालची फाईल उडवली, परत डीएफ बघतो तर 100 च! कारण लॉगवर नजर ठेवणारा एक एजंट त्या फाईली अजून उघड्या धरून बसलेला. लिनक्समध्ये उघडी फाईल आरएमने उडवली तर नाव जातं, जागा सुटत नाही, प्रोसेस सोडेपर्यंत. एलएसओएफ प्लस कॅपिटल एल 1 मारा, डिलीट झालेल्या पण कुणीतरी धरलेल्या फाईली दिसतात, आमच्याकडे तो एजंट रीस्टार्ट केला आणि जागा सुटली. चालू लॉग रिकामा करायचा असेल तर आरएम नका करू, ट्रंकेट मायनस एस 0 करा, आणि त्याआधी तो तुकडा कापून घेतलाय ना हे दोनदा बघा. जर्नलने जागा खाल्ली असेल तर जर्नलसीटीएलला व्हॅक्युम साइझ 500 एम सांगा, जुनं स्वतः काढतो.

आता परत असं होऊ नये म्हणून डिबग चालू कसा करायचा. अख्ख्या ॲपचा रूट लॉगर डिबगवर टाकणं म्हणजे नळ सोडून बाहेर जाणं. फक्त ज्या पॅकेजवर संशय आहे तेवढंच डिबगवर टाका, वायर शक्यतो बंद ठेवा. स्प्रिंग बूटमध्ये ॲक्च्युएटरचा (चालू ॲपवर नजर ठेवायची सोय) लॉगर्स एंडपॉइंट चालू असेल तर रीस्टार्ट न करता कर्लने (टर्मिनलवरून वेब रिक्वेस्ट पाठवणारी कमांड) लेव्हल बदलता येते, आणि रीस्टार्ट न करणं महत्त्वाचं, कारण रीस्टार्ट केलं की अर्धे प्रॉब्लेम तात्पुरते लपतात. विसरण्याचं काय? मी आता एटी कमांड (ठरलेल्या वेळी दुसरी कमांड आपोआप चालवणारी) वापरतो: डिबग चालू करायच्या आधीच, तीस मिनिटांनी परत इन्फोवर आणणारा कर्ल शेड्यूल करून ठेवायचा. आधी बंद करायचं शेड्यूल, मग चालू. उलट क्रमाने केलं की मधे कुणाचा तरी कॉल येतो आणि राहून जातं.

लाइव्ह बघायचं असेल तर टेलला मायनस कॅपिटल एफ द्या, स्मॉल एफ नको. स्मॉल एफ जुनीच फाईल धरून बसतो, रोटेट झाली (जुनी बाजूला होऊन नवी सुरू झाली) की तुम्ही रिकाम्या विहिरीत बघत राहता आणि वाटतं ट्रॅफिकच नाहीये. आणि टेलच्या पुढे दोन ग्रेप जोडले तर पहिल्याला लाइन बफर्ड द्या, नाहीतर ओळी अडकून अडकून येतात.

रोटेशनचं थोडक्यात. लॉगबॅकमध्ये साइज आणि वेळ दोन्हीवर रोल करणारी पॉलिसी आहे, त्यात टोटल साइज कॅप नक्की टाका, नुसत्या दिवसांवर विसंबू नका कारण डिबग चालू असला की एक दिवसच डिस्क खातो. लॉगरोटेटमध्ये (लिनक्सचं लॉग रोटेट करणारं टूल) कॉपी ट्रंकेट सोपं आहे पण कॉपी आणि ट्रंकेटच्या मधल्या क्षणातल्या ओळी जाऊ शकतात, चालत असेल तर घ्या. डॉकरवाल्यांनो, डिफॉल्ट जेसन फाईल ड्रायव्हरला मर्यादाच नसते, मॅक्स साइझ आणि मॅक्स फाईल आजच टाका. कुबरनेटीसमध्ये पॉडमधला कंटेनर मरून परत उठला असेल तर लॉग्जला प्रीव्हियस द्या, नाहीतर तुम्ही नव्या, निरोगी कंटेनरचा लॉग वाचत बसाल.

आणि प्रत्येक रिक्वेस्टला एक आयडी देऊन तो एमडीसीमधून (लॉगच्या ओळींना जास्तीची माहिती जोडायची लॉगबॅकची सोय) प्रत्येक ओळीत छापा. वर मी थ्रेड धरून जी कसरत केली ती यामुळे बरीचशी वाचते, एक ग्रेप आणि त्या रिक्वेस्टची पूर्ण कुंडली समोर. हाच आयडी कस्टमरच्या एरर स्क्रीनवरही दाखवा, मग वेळ विचारायचीही फार गरज उरत नाही.

आता तो परवानगीचा मुद्दा. डिबग लॉगमध्ये काय काय असतं हे एकदा स्वतः बघा: मोबाईल नंबर, पॅन, ओटीपी, टोकन, आणि वायर चालू असेल तर ऑथोरायझेशन हेडर जसाच्या तसा. मे 2018 मध्ये ट्विटरने 33 कोटी युजरना पासवर्ड बदलायला सांगितलं होतं, का तर एका बगमुळे पासवर्ड हॅश (वाचता न येणारं रूपांतर) व्हायच्या आधीच इंटर्नल लॉगमध्ये साध्या अक्षरात लिहिले जात होते. तेवढी मोठी कंपनी फसते तर आपलं काय. म्हणून तुकडा व्हेंडरला किंवा ग्रुपवर टाकायच्या आधी सेडने दहा आकडी नंबर, पॅनचा पॅटर्न आणि "बेअरर" (टोकनच्या आधी येणारा शब्द) नंतरचं सगळं फुल्यांनी झाका, मग झाकलेल्या फाईलवर परत ग्रेप मारून शून्य येतंय ना ते बघा. आम्ही त्या रात्री गेटवेवाल्यांना तुकडा पाठवला तेव्हा मी झाकलं होतं सगळं, पण यूआरएलमध्ये मोबाईल नंबर पुढे 91 लागून बारा आकडी झालेला आणि माझा पॅटर्न मोजून दहा आकड्यांचाच, दोन्ही बाजूला शब्दाची सीमा लावलेला. पाठवायच्या आधी परत ग्रेप मारताना सहज नुसतं 91 शोधलं म्हणून दिसला.